तोंडी शब्दाचे लाभार्थी

यवतमाळ ते मूर्तिजापूर एकेकाळी धावणारी शकुंतला रेल्वे आपण हळव्या आठवणींचा विषय करून टाकली आहे. खरं तर ती कागदाच्या ताकदीचा धडा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी 113 किलोमीटरचा हा अरुंद मार्ग बांधला. पुढे देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली. या मार्गाची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली, कारण करार तसा होता. त्यानंतर कित्येक दशकं भारतीय रेल्वे त्या कराराची मुदत वाढवत, कंपनीचा वाटा कबूल करत, आपल्याच मातीवरून गाडी चालवत राहिली. साम्राज्य गेलं, कागद टिकला. त्याच मार्गाचा भराव ज्यांनी डोक्यावरच्या टोपल्यांनी टाकला, त्यांच्या हातात असा कोणताच कागद नव्हता.

शंभर वर्षं उलटली, तरी या जिल्ह्यात वाटणी तीच आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्याला हक्क मिळतो, ज्याच्याकडे हात आहेत त्याला आश्वासन मिळतं. हे पाहायला शेतात किंवा कोळशाच्या खाणीत जायची गरज नाही. उन्हाळ्यात थंडाव्याचा धंदा कसा चालतो तेवढं पाहा.

होळी पेटली की यवतमाळात कूलर माळ्यावरून उतरतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44–45 अंशांवर जातो आणि वणीपासून उमरखेडपर्यंत, नेरपासून पांढरकवड्यापर्यंत एकच धावपळ सुरू होते. मंगल कार्यालयात डक्टिंग टाकायचं असतं, दवाखान्याला, शिकवणी वर्गाला, पतसंस्थेला एसी लावायचे असतात, नव्या बंगल्याला सौर बंब हवा असतो. कामं हजारांची असतात, लाखांचीही असतात. आणि ती ठरतात कशी? टपरीवर, चहाचा कप हातात धरून.

“किती घेसान?”

“तुम्हाले काय सांगू भाऊ, घरचंच काम हाय.”

“तरी पण?”

“समजून घेऊ ना!”

झाला करार. मशीन किती टनाचं, कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, कंपनीच्या पाइपपेक्षा जास्त पाइप लागला तर मीटरमागे दर काय, बाहेरच्या युनिटचं स्टँड कुणाचं, भिंतीला भोक पाडल्यावर ती बुजवायची कुणी, अर्थिंग कोण तपासणार, काम कोणत्या तारखेला संपणार, बिघडलं तर किती दिवसांत माणूस येणार, पैसे किती टप्प्यांत द्यायचे, यातला एकही शब्द निघत नाही. निघाला तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. घरच्या माणसात कुणी असं बोलतं का?

मृग लागेपर्यंत हे घरपण आटतं. मालक म्हणतो, ठरलं त्यापेक्षा हलकं सामान लावलं. ठेकेदार म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं. मालक शेवटचा हप्ता अडवतो. ठेकेदार दुरुस्तीला यायचं बंद करतो. वर्षभरानंतर हवा थंड लागेना की कुणी तरी येऊन गॅस संपल्याचं निदान करतो आणि पैसे उकळतो. वास्तविक ती बंद यंत्रणा आहे. गळती नसेल तर गॅस संपत नाही आणि गळती असेल तर ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस टिकत नाही. पण हे मालकाला कुणी लिहून दिलेलं नसतं आणि त्यानेही लिहून मागितलेलं नसतं. दोघंही मग चौकात एकमेकांना चोर ठरवतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं, पुरावा मात्र कुणाकडेच नसतो.

यावर शहाणी माणसं म्हणतात, अहो, आपल्याकडे शब्दावर चालतं. पूर्वापार चालत आलं आहे. शब्दाला किंमत देणारी आपली माणसं, त्यांना कागदात कशाला गुंतवता?

हे खोटं आहे. आपला समाज लिहीत नाही असं नाही. त्याला हवं तेव्हा तो काटेकोर लिहितो. लग्नमंडपात दाराशी एक माणूस वही घेऊन बसवलेला असतो. कुणी एकशे एक दिले, कुणी एकावन्न, कुणी नुसतंच जेवून गेलं, हे सगळं नावानिशी, गावानिशी त्या वहीत उतरतं आणि पुढच्या लग्नात ती वही उघडून परतफेड होते. लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी देण्याघेण्याची याद करतात, खाली सह्या करतात. नात्यातल्या एकावन्न रुपयांची नोंद ठेवणारा हाच गृहस्थ त्याच मंडपात दोन-चार लाखांचं डक्टिंग करून घेताना म्हणतो, लिहायचं कशाला? जिथे परतफेड हवी तिथे वही आणि जिथे जबाबदारी येते तिथे विश्वास. या ढोंगाला आपण संस्कृती म्हणतो.

कागद वरून खाली येतो तेव्हाही आपली तक्रार नसते. पतसंस्था कर्ज देताना दोन जामीनदारांच्या सह्या घेते, बँक पानामागून पान पुढे सरकवते, मोबाइलचं सिम घेताना अंगठा टेकवावा लागतो. तिथे कुणाचा मानभंग होत नाही. पण एसी बसवणाऱ्या पोराने “साहेब, एवढं लिहून द्या” म्हटलं की मालकाच्या कपाळावर आठी येते. “माझ्यावर भरवसा नाही का?” बँकेला हा प्रश्न विचारायची हिंमत नसते, फिटरला विचारायला हिंमत लागत नाही. भरवशाचा हा मान प्रत्येक वेळी दुबळ्यानेच राखायचा असतो.

आपल्याकडच्या कागदाच्या भीतीला इतिहास आहे, हे नाकारत नाही. सावकाराने खतावर हवं ते लिहिलं आणि निरक्षर कुणब्याने खाली अंगठा उठवला. त्या अंगठ्याने वावरं गेली. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले, सुपे गावापासून वणवा पसरला आणि त्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं काढून जाळली. छळाचं हत्यार कोणतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण त्यानंतर काय झालं ते आपण विसरलो. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने खतं नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायला लावली आणि दिलेल्या पैशाची लेखी पावती, हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. एकाच्याच तिजोरीत बंद असलेला कागद दुसऱ्याच्याही हातात यावा, ही त्यातली खरी सुधारणा. स्वतः बांधकामाचे ठेके घेतलेल्या जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. अविद्येमुळे माणूस कसा लुटला जातो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांनी शाळा काढल्या, त्या सही करण्यापुरत्या काढल्या नव्हत्या. समोरचा काय लिहितो ते वाचता यावं आणि आपलं म्हणणं लिहिता यावं, एवढी ताकद माणसात यावी म्हणून काढल्या. आज जिल्ह्यात पदवीधरांची वाण नाही. तरीही करार तोंडी होतात. मग शिकून आपण कमावलं काय?

तेव्हा भीती हे आता निमित्त उरलं आहे. खरी कारणं दोन आहेत आणि दोन्ही लाजिरवाणी आहेत.

पहिलं कारण कराची चोरी. “पक्कं बिल पाहिजे की कच्चं?” हा प्रश्न आपल्या बाजारात इतका सरळ विचारला जातो की त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटत नाही. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत एसीवर 28 टक्के जीएसटी होता, आता तो 18 टक्के आहे. बसवण्याच्या मजुरीवरही 18 टक्के लागतो. तो वाचवायचा म्हणून मालक कच्चं बिल पत्करतो आणि उलाढाल लपवायची म्हणून ठेकेदार खुशीने ते देतो. सरकारला फसवताना हे दोघं भागीदार असतात. मग त्यातल्या एकाने दुसऱ्याला फसवलं की त्याला न्याय हवा असतो. कराच्या चोरीत ज्याने पुरावा स्वतःच्या हाताने पुसला, त्याने नंतर पुरावा कुठे गेला म्हणून रडू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पण ग्राहकच म्हणत असेल की बिल नको, तर कायद्याने काय करायचं?

दुसरं कारण याहून काळं आहे. काहीच लिहिलेलं नसलं की वाद निघाल्यावर ज्याचं वजन जास्त त्याचं खरं ठरतं. मालक गावातला प्रतिष्ठित असला, त्याच्या ओळखी तहसिलीपासून ठाण्यापर्यंत असल्या, तर शेवटचा हप्ता बुडवायला त्याला वकील लागत नाही. उलट ठेकेदार मोठा आणि मालक म्हणजे एखादी निवृत्त शिक्षिका किंवा एकटी बाई असेल, तर तिच्या घरचं काम अर्धं टाकून तो दुसऱ्या मोठ्या कामावर निघून जातो आणि फोन उचलत नाही. तोंडी व्यवहार म्हणजे बलवानाला दिलेला कोरा धनादेश. शब्दाची थोरवी गाणारे कोण आहेत ते नीट पाहा. ते बहुतेक त्याच बाजूचे निघतील.

या दोघांच्या मधे एक तिसरा आहे. त्याचं नाव टपरीवरच्या बोलण्यात येतच नाही. तो म्हणजे शिडीवर चढणारा पोरगा. कुणी आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, बहुतेक मात्र एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली बघून बघून शिकलेले. दुपारच्या उन्हात पत्रा तापलेला असतो. हा तिसऱ्या मजल्याच्या बाहेर, अरुंद छज्ज्यावर, कमरेला पट्टा नसताना जड युनिट ओढून घेतो. त्याला रोज किती, हे ठेकेदाराच्या मर्जीवर. तो पडला, किंवा ओल्या कूलरच्या पत्र्यातून त्याला शॉक लागला, की दोन वाक्यं ऐकू येतात. मालक म्हणतो, “मी तर ठेकेदाराला काम दिलं होतं.” ठेकेदार म्हणतो, “तो माझा माणूसच नव्हता, त्या दिवशी असाच आला होता.”

कामगाराला अपघाताची भरपाई देण्याचा कायदा या देशात 1923 पासून आहे. आता त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. शंभर वर्षांचा कायदा, पण त्याच्या दारात पाय ठेवण्याआधी मेलेल्याच्या बायकोला एक गोष्ट सिद्ध करावी लागते, ती म्हणजे तिचा नवरा कुणाकडे कामाला होता. हजेरी नाही, पावती नाही, नेमणुकीची चिठ्ठी नाही. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी म्हणाव्यात तर महाराष्ट्रात त्या पन्नासहून कमी माणसांच्या ठेकेदाराला लागूच होत नाहीत. आपल्या जिल्ह्यातला एसीवाला चार-सहा पोरांवर धंदा करतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात वातानुकूलन यंत्रणा बसवणाऱ्यालाही नाव नोंदवता येतं. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो कोण देणार? ठेकेदाराला सही करायची भीती वाटते. सही केली म्हणजे हा आपला माणूस असं कबूल केलं! एका सहीने त्या पोराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते, घराला आधार मिळू शकतो, हे ठेकेदाराला माहीत असतं. ती एक सही टाळून तो रामनवमीला भंडाऱ्याची पंगत मात्र वाढतो.

हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो जण रुग्णालयात पोचले. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारे होते. कोणतं औषध, किती प्रमाणात, कुणाच्या सांगण्यावरून, मास्क-हातमोजे देण्याची जबाबदारी कुणाची, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख जाहीर केले. बोट मात्र मजुरांकडेही दाखवलं गेलं की त्यांनी काळजी घेतली नाही. कागद नसला की दोष नेहमी मेलेल्याच्या माथी येतो, कारण तो उलटून बोलत नाही.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घ्या, कारण अर्धवट ज्ञानावर इथे बरीच दुकानं चालतात. 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो, तो लिहिला नाही म्हणून रद्द होत नाही. पण न्यायालय मनातलं वाचत नाही, ते पुरावा वाचतं. घरच्या वापरासाठी काम करून घेतलेल्या मालकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. ठेकेदाराला ती वाट नाही. बुडालेल्या मजुरीसाठी त्याला दिवाणी न्यायालयातच जावं लागतं, तेही तीन वर्षांत. म्हणजे लहान ठेकेदाराला कागदाची गरज मालकापेक्षा जास्त आहे आणि तोच कागद मागायला सगळ्यात जास्त लाजतो. मोबाइलवरचे निरोपही आता पुराव्यात धरले जातात, पण त्यासाठी प्रमाणपत्र जोडावं लागतं, मोबाइल जपावा लागतो. एका साध्या कागदाने हे सगळं वाचतं.

काही जण विचारतील, गरिबाच्या गळ्यात आणखी एक इंग्रजी करारनामा बांधायचा का? बारीक अक्षरातल्या अटींनी आधीच कमी लुटलं आहे का? शंका रास्त आहे. म्हणून कागद कसा असावा हेही सांगितलं पाहिजे. तो मराठीत असावा, एका पानाचा असावा, मोठ्याने वाचून दाखवलेला असावा. दोन प्रती असाव्यात, दोन्हींवर दोघांच्या आणि एका साक्षीदाराच्या सह्या असाव्यात. त्यात कामाचं ठिकाण, मशीनची कंपनी, मॉडेल आणि टन, पाइपचा प्रकार आणि लांबी, जादा लांबीचा दर, वायरिंग आणि अर्थिंगची जबाबदारी, तोडफोडीची दुरुस्ती, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पैशाचे टप्पे, शेवटचा हप्ता कोणत्या तपासणीनंतर द्यायचा, हमीचा काळ आणि तक्रारीनंतर किती दिवसांत यायचं, एवढं लिहावं. आणि एक ओळ कधीही गाळू नये. ती म्हणजे कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, त्याचा रोज, त्याच्या सुरक्षेची आणि अपघाताची जबाबदारी कुणाची. ज्या कागदात ही ओळ नाही तो कागद मालक आणि ठेकेदार यांनी मिळून केलेला कट आहे.

मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून पाचशे रुपयांचा झाला आहे, हे खरं. मोठ्या कामाला तो घ्यावा. लाखाच्या कामात पाचशे रुपये जड वाटत असतील तर नियत तपासून पाहावी. लहान कामाला मुद्रांक नसला तरी साध्या कागदावर लिहावंच. मुद्रांकाची उणीव दंड भरून नंतर दूर करता येते. न लिहिलेलं मात्र नंतर लिहिता येत नाही.

हे कुणाला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावातल्या बचत गटात जाऊन बसावं. शाळेत दोन-चार इयत्ताच शिकलेल्या बाया महिन्याच्या शंभर रुपयांची नोंद करतात, इतिवृत्त लिहितात, कर्ज कुणाला का दिलं याचा ठराव करतात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. त्यांच्यात विश्वास कमी आहे म्हणून त्या लिहीत नाहीत. लिहितात म्हणून त्यांचा विश्वास वर्षानुवर्षं टिकतो आणि भांडण झालं तरी गट मोडत नाही. ज्यांच्या साक्षरतेला आपण हसलो त्यांनी व्यवहाराची नीती सांभाळली आणि पदवीचे फोटो भिंतीवर टांगणारे आपण टपरीवर लाखांचा सौदा करत बसलो.

म्हणून मालकांनो, या उन्हाळ्यात काम देण्याआधी कागद तुम्हीच पुढे करा. समोरचा लहान असेल तर त्याच्या मागण्याची वाट पाहणं हाच अन्याय आहे. ठेकेदारांनो, लिहून मागायला लाजू नका आणि तुमच्या पोरांना लिहून द्यायला घाबरू नका. ज्या व्यापारी संघटना दिवाळीला स्नेहमिलन भरवतात, त्यांनी एका पानाचा मराठी नमुना छापून प्रत्येक दुकानात ठेवावा. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना निबंधाइतक्याच आस्थेने पावती आणि करार लिहायला शिकवावं. ग्रामपंचायतींनी नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी कामगाराला हेलपाटे घालायला लावू नयेत.

दिलेला शब्द पाळणारा माणूस तो लिहून द्यायला कधीच कचरत नाही. जो कचरतो, त्याने शब्द मोडायचं आधीच ठरवलेलं असतं. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, हे प्रत्येकाने पुढचं काम देताना आपल्या सहीने दाखवून द्यावं.